कोई तलाव: वॉटरप्रूफिंगच्या आधी तळाखालचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुंबईत मार्वेच्या बाजूला जुनं बैठं घर, मागे वाडी, वाडीत विहीर. त्यातली २० बाय १२ फुटांची जागा कोई माशांसाठी, म्हणजे रंगीत जपानी कार्पसाठी, काढून ठेवली आहे. गवंडी म्हणतो, पाच फूट खणू, विटांचं बांधकाम करू, आतून वॉटरप्रूफिंग मारू आणि वर निळ्या टाइल्स लावू. मासे २५-३० हवेत. गणपतीला पाहुणे येतील तेव्हा तलाव चालू दिसला पाहिजे. वॉटरप्रूफिंग कोणत्या कंपनीचं घ्यावं, हा तुमचा मुख्य प्रश्न. आणि जाता जाता लिहिलंय की मित्राने असाच तलाव केला, महिन्याभरात पाणी हिरवं झालं आणि मासे मेले.

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. मुंबई, ठाणे, अलिबाग या पट्ट्यात मी बरीच वर्षं तलाव बांधतोय आणि दुसऱ्यांनी बांधलेले दुरुस्तही करतोय. गळतीसाठी बोलावणारे कमी. तलाव थेंबभर गळत नाही, पण मासा टिकत नाही, अशी रड जास्त. वॉटरप्रूफिंग चुकलं तर पाणी काढून पुन्हा करता येतं. तळाखालून जायला हवा होता तो पाइप टाकलाच नसेल, किंवा जमिनीतलं पाणी खालून तळ उचलत असेल, तर मात्र फोडण्याशिवाय इलाज नाही. म्हणून कंपनीचं नाव बाजूला ठेवा, आधी तळाखालचं बघू.

काही गोष्टी जागा न बघता मी सांगू शकत नाही. पावसात तुमच्या विहिरीचं पाणी किती वर येतं, मे महिन्यात ते किती खारट होतं, दुपारचं ऊन तलावावर किती वेळ पडतं, आणि तुमच्याकडे लाइट किती वेळा आणि किती वेळ जाते, यावर बरंच अवलंबून आहे. खाली सांगतो त्यातले आकडे २० बाय १२ आणि साडेचार फूट पाणी धरून आहेत. म्हणजे १०८० घनफूट, साधारण ३०,५०० लिटर. तुमच्या मापांत बदल झाला तर त्या प्रमाणात बदला.

आधी विहीर. समुद्राजवळच्या वाडीत जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी जमिनीपासून हात-दीड हातावर येतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारलंत तर लगेच सांगतील. विहिरीच्या आतल्या भिंतीवर ओलीचा आणि शेवाळाचा पट्टा कुठवर आहे तेही बघा. समजा पाणी जमिनीखाली दोन फुटांवर येतं. मग गवंडी म्हणतो तो पाच फुटांचा खड्डा पावसाळ्यात तीन फूट पाण्यातच उभा असणार. २० बाय १२ च्या तळावर तीन फूट पाण्याचा दाब म्हणजे खालून वर जवळजवळ वीस टनांचा रेटा. तलाव भरलेला असतो तोवर आतलं पाणी तो रेटा तोलून धरतं. पण मासे आजारी पडले किंवा गाळ साचला म्हणून कुणी ऑगस्टमध्ये तलाव रिकामा केला की रिकामा डबा बादलीत दाबून धरल्यासारखी स्थिती होते. अख्खा तलाव तरंगला नाही तरी तळाचा कोबा मधोमध फुगतो आणि चीर जाते. मग ती चीर बुजवायला वॉटरप्रूफिंगवाला येतो आणि दोष त्याच्या मालाला लागतो.

लायनर, म्हणजे खड्ड्यात अंथरायचा जलरोधक कागद, टाकायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. उंच, निचऱ्याच्या जागी ईपीडीएमचं (एक प्रकारच्या रबराचं) लायनर उत्तम चालतं आणि स्वस्तही पडतं. तुमच्याकडे मी टाकणार नाही. पावसात जमिनीतलं पाणी लायनरच्या खाली शिरतं आणि तलावाच्या मधोमध पोट आल्यासारखा फुगा वर येतो. त्यात वाडीत घुशी असतात, खाडीजवळ खेकडे असतात. दोघांनाही भोक पाडायला कारण लागत नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा: अडीच फूट जमिनीत जा आणि भिंत जमिनीच्या वर अडीच फूट उचला. पाणी साडेचार फूट, वर अर्धा फूट कोरडी कड. खोदाई निम्म्यावर येते आणि जमिनीतल्या पाण्याचा रेटा जवळपास संपतो. वाडीतलं वाहतं पावसाचं पाणी, खत आणि चिखल तलावात उतरत नाही. लहान मूल किंवा कुत्रं चालता चालता आत पडत नाही, आणि कडेवर बसून मासे बघता येतात. कडा सरळ उभ्या ठेवा, आत पायऱ्या किंवा उथळ कट्टे काढू नका. बगळा आणि रातबगळा पाण्यात उभं राहून शिकार करतात. उभं राहायला जागाच नसली की निम्मा प्रश्न सुटतो. खंड्या मात्र वरून सूर मारतो, त्याला पहिल्या वर्षी जाळंच लागतं.

पण भिंत वर आली की बाहेरून मातीचा आधार नसतो, हे लक्षात घ्या. साडेचार फूट पाणी वीस फुटी भिंतीला साडेपाच टनांहून जास्त जोराने बाहेर ढकलतं. विटांची भिंत इथे नको. तळ आणि भिंती एकसंध आरसीसीच्या करा. जाडी आणि सळई किती हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. समुद्राची हवा असल्यामुळे सळईवर काँक्रीटचं आवरण नीट हवं, म्हणजे कव्हर ब्लॉक मोजून लावायचे, खडीचे तुकडे सळईखाली सरकवायचे नाहीत. त्याच इंजिनिअरला किंवा आर्किटेक्टला वॉर्ड ऑफिसची परवानगी आणि सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचं, काय ते विचारून घ्या. किनाऱ्याजवळ खोदाई आणि पक्कं बांधकाम म्हटलं की हा विषय येतोच.

आता वॉटरप्रूफिंग, एकदाचं. काँक्रीट चांगलं असेल तर नामांकित कंपनीचं कुठलंही पाण्याच्या टाकीसाठीचं कोटिंग चालेल. पिण्याच्या पाण्याला चालतं का, एवढं डब्यावर वाचा. मी शक्यतो शेवटचा थर एफआरपीचा (फायबरग्लासचा) किंवा इपॉक्सीचा देतो, कारण त्याने सिमेंटचा चुना पाण्यात उतरायचा थांबतो. कोपऱ्यांत आणि तळ-भिंतीच्या सांध्यात चांगली मोठी वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारून घ्या. गोल कोपऱ्यात पाणी फिरतं, काटकोनात घाण बसते. टाइल्स नकोत. सांध्यांत शेवाळ बसतं, एखादी कड निघाली की माशाचं अंग कापतं. निळ्या रंगाने मासे फिके दिसतात ते वेगळंच. कोई हा वरून बघायचा मासा. जपानच्या नीगाता भागातल्या शेतकऱ्यांनी खायच्या कार्पमधून रंगीत निवडत निवडत तो तयार केला, तोही शेततळ्यांत वरून बघूनच. काळ्या किंवा गडद राखाडी तळावर कोहाकू जातीच्या कोईचा लाल-पांढरा रंग असा उठून दिसतो की टाइल्सची आठवण येणार नाही.

गळती भिंतीतून फारशी होत नाही, पाइप भिंतीतून जिथे आरपार जातो तिथून होते. काँक्रीट ओतल्यावर भोक पाडून पाइप घालायचा आणि भोवती सिमेंट थापायचं, ही आपल्याकडची सवय. पाइप आधी बसवा, त्याला पडल फ्लॅंज, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतून बसणारी कॉलरसारखी चकती, लावा, मग काँक्रीट ओता.

आणि पाइप कोणते, हा खरा गाभा. तुमच्या गवंड्याच्या नकाशात तळाला एकही निचरा नाही. तो पंप तलावात सोडणार, पाणी वर फिल्टरच्या टाकीत फेकणार आणि धबधब्यासारखं परत पाडणार. छान दिसतं. पण पंपात शिरताना विष्ठेचं पीठ होतं, आणि एकदा पीठ झालं की कुठलाही फिल्टर ते नीट पकडत नाही. पाणी कायम चहासारखं दिसतं आणि पंप दर दोन दिवसांनी चोंदतो.

याऐवजी तळात दोन बॉटम ड्रेन, म्हणजे तळातून पाणी ओढणारी तोंडं, बसवा, प्रत्येकाला स्वतंत्र चार इंची पाइप. तळाला ड्रेनच्या दिशेने दर फुटाला अर्धा-पाऊण इंच उतार द्या. हे पाइप तळाखालून फिल्टरच्या पहिल्या कप्प्यात उघडतात. फिल्टरची पाण्याची पातळी आणि तलावाची पातळी एकच ठेवायची. पंप सगळ्यात शेवटच्या कप्प्यात. तो तिथून पाणी उचलून तलावात टाकतो, शेवटच्या कप्प्याची पातळी दोन-चार बोटं उतरते, आणि ती भरून काढायला तलावाच्या तळाचं पाणी आपोआप ओढलं जातं. घाण आहे तशी, अख्खी, पहिल्या कप्प्यात येते. चार इंची पाइपातून असं ताशी १०-१२ हजार लिटर पाणी आरामात येतं. दोन पाइप म्हणजे तुमचा तलाव साधारण दीड तासात एकदा फिल्टरमधून जातो. मुंबईच्या उकाड्यात मी एवढंच धरतो, याहून हळू नको.

फिल्टरला तलावाच्या चौथ्या हिश्श्याएवढी तरी जागा द्या. लोक इथेच कंजुषी करतात, कारण फिल्टर पाहुण्यांना दिसत नाही. चार कप्पे पुरतात. पहिल्यात पाणी संथ होऊन गाळ खाली बसतो आणि ब्रश उरलेला कचरा धरतात. दुसऱ्यात जॅप मॅट, म्हणजे पाणी आरपार जाईल अशी जाड, खरखरीत जाळीदार गादी. तिसऱ्यात प्लास्टिकच्या छोट्या चाकांचा मीडिया, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना वाढायला जागा, खालून हवा सोडून सतत घुसळता ठेवलेला. चौथ्यात पंप. प्रत्येक कप्प्याच्या तळाला वेगळा निचरा हवा, म्हणजे आठवड्याला व्हॉल्व्ह उघडून गाळ सोडता येतो. तुमची वाडी सपाट असणार, उतार मिळणार नाही. म्हणून शेजारी एक छोटी कुंडी करून त्यात गढूळ पाण्याचा पंप ठेवा आणि ते पाणी केळी-नारळांना द्या. खत विकत आणायची गरज कमी होईल.

पंप एक मोठा घेऊ नका, दोन निम्म्या ताकदीचे घ्या. एक बंद पडला तरी दुसरा रात्र काढतो. आणि घरात पाणी चढवायची एक एचपीची मोटर इथे लावू नका. ती चोवीस तास चालली तर दिवसाला १८ युनिट खाते आणि इतक्या उंचीला पाणी फेकायची आपल्याला गरजच नाही. तलावासाठीचे कमी उचलीचे पंप, एअर पंप आणि हिरवं पाणी साफ करणारा यूव्ही दिवा मिळून साधारण ४५०-५०० वॉटमध्ये बसवता येतात. तरी महिन्याला साडेतीनशे युनिटच्या आसपास जातात. हा खर्च कायमचा आहे, घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. सगळ्या वायरिंगवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग हवंच. तुम्ही ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने तिथे वावरणार आहात.

आता मित्राचे मासे. न बघता निदान करणं बरोबर नाही, पण त्यांना दोन गोष्टी विचारा. मासे पहाटे मेले का, आदल्या दिवशी ठणठणीत असताना, मोठे आधी? आणि मरायच्या आधी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमिट करत होते का? तसं असेल तर प्राणवायू. हिरवं पाणी दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो खातं, आणि पहाटे साठा तळाला जातो. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर मावत नाही, २० अंशांत नऊ मावतो. म्हणजे आपल्याकडे शिल्लक आधीच कमी.

याउलट मासे पंधरा दिवसांत एकेक करून गेले, पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसत होते, पांढऱ्या भागावर लालसर शिरा दिसत होत्या, तर अमोनिया. माझा अंदाज हाच आहे, कारण तलाव नवा होता. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. तो खाऊन आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या मीडियावर वाढतात, पण त्यांना आपल्या हवामानातसुद्धा तीन-चार आठवडे, कधी जास्त लागतात. नव्या तलावात पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले की अमोनिया चढत जातो. त्यात सिमेंटचा चुना पाण्यात उतरून पीएच वाढलेला. ३० अंशांना पीएच ७.५ असेल तर मोजलेल्या अमोनियातला अडीच टक्के भागच विषारी रूपात असतो. पीएच ८.५ झाला की तोच वीस टक्क्यांवर जातो. किटवर आकडा तेवढाच दिसतो, विष आठपट झालेलं असतं. पाणी हिरवं होणं हे त्याच साठलेल्या खताचं दुसरं रूप. यूव्ही दिवा लावला की हिरवटपणा जातो, अमोनिया जात नाही. मित्राने पाणी स्वच्छ दिसल्यावर पुन्हा मासे सोडले असतील तर ते का गेले, हेही यात आलं.

म्हणून टेस्ट किट माशांच्या आधी घ्या. थेंबांचं घ्या, पट्ट्यांचं नको. पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटचं पाण्यातलं प्रमाण, एवढं मोजता आलं पाहिजे.

केएच विशेष करून, कारण मुंबईचा पाऊस. तलावाचा पृष्ठभाग सुमारे २२ चौरस मीटर. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे दर पावसाळ्यात होतोच, तर २,२०० लिटर पाणी थेट तलावात पडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. तसा दिवस पुन्हा आला तर २१,००० लिटर, म्हणजे तुमच्या तलावाच्या दोन-तृतीयांश. हे पाणी बाहेर जायला चार इंची ओव्हरफ्लो हवा, त्याला मोठी जाळी हवी, आणि ती जाळी आंब्याच्या पानांनी बुजली नाही ना हे बघणारं माणूस हवं. घराच्या पत्र्यावरचं पाणी तलावात वळवू नका. कबुतरांची विष्ठा आणि गंज दोन्ही सोबत येतात.

पावसाचं पाणी मऊ असतं, धरणाचं नळाला येणारं पाणीही तसं मऊच. केएच खाली गेला की पीएचला धरून ठेवणारं काही उरत नाही. चार दिवस झड लागली की एका सकाळी पीएच साडेपाच-सहावर आलेला दिसतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. उपाय स्वयंपाकघरात आहे. हजार लिटरला ३० ग्रॅम खायचा सोडा टाकला की केएच साधारण एक अंश वाढतो. तुमच्या तलावाला एका अंशाला सुमारे ९०० ग्रॅम. बादलीत विरघळवून, फिल्टरच्या शेवटच्या कप्प्यात, हळूहळू. एका दिवशी एका अंशापेक्षा जास्त उडी नको. शिवाय कालवांच्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये टांगा. पाणी आंबट होऊ लागलं की त्या आपणहून झिजतात. तुमच्या शेजारच्या कोळीवाड्यात मागाल तेवढ्या मिळतील.

रोजचं पाणी कुठून घ्यायचं? विहिरीचं पाणी जानेवारीत आणि मेअखेरीला, दोनदा तपासा. थोडा खारटपणा कोईला बाधत नाही, हजार लिटरला तीन किलो मिठापर्यंत आपण औषध म्हणून मुद्दाम देतो. पण उन्हाळ्यात रोज शंभरेक लिटर पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. खारट पाण्याने भर घालत राहिलात तर ते साठत जातं. नळाचं पाणी घेणार असाल तर त्यातला क्लोरीन आधी काढावा लागतो. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, हजार लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास. सगळ्यात सोपं म्हणजे हजार लिटरची सिंटेक्स वेगळी ठेवा, त्यात आदल्या दिवशी पाणी भरून हवा सोडा आणि दुसऱ्या दिवशी ते तलावात घ्या. नळाचा पाइप थेट तलावात सोडून कुणी चहा प्यायला जाऊ नये. पाणी येण्याच्या वेळा ठरलेल्या, माणूस विसरतो, आणि पंधरा वर्षांचे मासे एका सकाळीत गेलेले मी बघितले आहेत.

ऊन आणि लाइट यावर फार लिहीत नाही. पश्चिमेच्या उन्हाला ५० टक्क्यांची शेडनेट लावा, पावसाळ्यात गुंडाळून ठेवा. कण्हेर जवळ लावू नका, ती विषारी असते. लाइट गेल्यावर पंप बंद राहिला तर काही तास निभतं, हवा बंद झाली तर निभत नाही. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या आणि तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर बंद पडल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन तो जळतो. कमळाच्या कुंड्या आत ठेवायचा मोह होईल. कार्प तो कार्पच, माती उकरून चार दिवसांत पाणी गढूळ करतो. डासांची काळजी तलावात नाही. पाणी वाहतं आहे आणि अळ्या मासे खातात. पण वापरात नसलेले टब, ड्रम आणि फिल्टरची झाकणं यांत पाणी साचू देऊ नका. महापालिकेचा कीटकनाशक विभाग तपासायला येतो तेव्हा नेमकं तिथेच बघतो.

मासे किती? पूर्ण वाढलेला कोई दोन फुटांचा होतो आणि पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. आपल्या गरम पाण्यात तो वाढतोही भराभर. बोटाएवढे ३० मासे आज सुंदर दिसतील, तिसऱ्या वर्षी तुम्ही ते वाटायला माणसं शोधाल. एवढ्या तलावाला मी १२ ते १५ म्हणेन. सुरुवात पाच-सहा छोट्यांनी. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारातले मासे बहुतेक चेन्नई-कोलकात्याकडून आलेले असतात. त्यांत पहिल्या वर्षासाठी काही गैर नाही. जपानी मासा तलाव एक पावसाळा काढेपर्यंत घेऊ नका. कुठूनही आणलेला मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळ्याने सांभाळा. कोई हर्पीस हा विषाणू साधारण १८ ते २८ अंशांच्या पाण्यात डोकं वर काढतो. मे महिन्याच्या गरम पाण्यात निरोगी दिसलेला मासा डिसेंबरमध्ये पाणी थंडावल्यावर हा रोग दाखवू शकतो, आणि त्यावर औषध नाही. म्हणून पावसाळा संपल्यावर जुन्या माशांत नवे मिसळताना दुप्पट सावध राहा.

आता वेळापत्रक. आत्ता मार्च सुरू आहे, म्हणजे काम होण्यासारखं आहे, पण रेंगाळायला जागा नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोदाई, कारण तेव्हा जमिनीतलं पाणी उतरत चाललेलं असतं. मध्यापर्यंत काँक्रीट. मग पुरेसं पाणी मारणं, यात घाई करणाऱ्या ठेकेदाराचं ऐकू नका. मेच्या मध्यावर कोटिंगच्या आधी तलाव भरून भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. शेजारी पाण्याची एक बादली ठेवून तिच्यातही खूण करा. बादलीत जेवढं उतरलं तेवढंच तलावात उतरलं असेल तर ते ऊन आहे, जास्त असेल तर गळती. मग पाणी काढून सुकवून कोटिंग, पावसाच्या आत. जूनमध्ये भरून फिल्टर चालू. जुलैत पीएच स्थिर दिसला की, टाकीत सांभाळलेले पाच-सहा मासे सोडा, खायला अगदी बेताने, किट रोज. अमोनिया दिसला की खाणं बंद आणि पाणी बदलायचं. गणपतीला पाहुण्यांना पाच-सहा छोटे मासे आणि तळ दिसेल असं पाणी दाखवता येईल. २५ नाही. आणि घरचा गणपती याच तलावात विसर्जित करू असं कुणीतरी म्हणेलच. शाडूचा असला तरी नको. ती बारीक माती कल्ल्यांत बसते. वेगळ्या पिंपात करा.

एप्रिलमध्ये काम लांबलं आणि मेअखेरीला खड्डा नुसताच उघडा असेल, तर तो पावसाळा सोडून द्या. दिवाळीनंतर काँक्रीट करा. ओल्या भिंतीवर मारलेलं कोटिंग पुढच्या वर्षी सालीसारखं निघतं.

काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी दोन्ही बॉटम ड्रेनचे, फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपांचे आणि ओव्हरफ्लोचे फोटो टेप लावून काढून ठेवा, आणि पाइपांची तोंडं बंद करून त्यांत पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तेवढंच असेल तरच मिक्सर बोलवा. विहिरीचं ऑगस्टचं पाणी आणि मेमधला खारटपणा कळवलात तर खोली किती घ्यायची ते नक्की सांगतो.